बायांच्या फुटबॉलची गोष्ट आणि स्पर्धेचा हिशोब

 

बचत, कर्ज, शिलाई, शेळीपालन हे आपले नेहमीचे विषय. आज आम्ही फुटबॉलवर बोलणार आहोत. हसू नका. चार वर्षांनी पुरुषांचा विश्वचषक आला की पोरं रात्र रात्र जागतात. आपण चहा ठेवतो, "कोण पुढं आहे रे?" विचारतो, आणि उत्तर मिळतं, "आई, तुला नाही कळायचं." मग आपणही म्हणतो, जाऊ दे, आपला नाही तो खेळ.

आज आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत. एक म्हणजे, हा खेळ आपला नाही असं बायांना आधी कोणी आणि कसं सांगितलं. आणि दुसरी, जी बाई गटाचं कर्जखातं वाचू शकते तिला फुटबॉलची स्पर्धा का कळू शकते. त्यासाठी लांबचं उदाहरण घ्यायची गरज नाही. २०२२ साली आशियातल्या बायांची सगळ्यात मोठी फुटबॉल स्पर्धा, म्हणजे महिला आशिया चषक, आपल्या महाराष्ट्रात झाली. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी. मैदानं तीन: नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मैदान आणि पुण्याची बालेवाडी. आपण इथून सकाळी निघालो तर संध्याकाळपर्यंत बालेवाडीला पोचतो, इतक्या जवळ. तरी आपल्यापैकी किती जणींच्या कानावर ते आलं? म्हणून ही गोष्ट.

आधी खेळ

खेळ सोपा आहे. एका बाजूला अकरा जणी, दुसऱ्या बाजूला अकरा. त्यांतली एक गोलकीपर. मैदानाच्या आत, गोलजवळच्या आखलेल्या चौकोनात फक्त तिलाच हात लावायची परवानगी. बाकीच्यांनी पाय, डोकं, छाती वापरायची. पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव, मधे पंधरा मिनिटं विश्रांती. मधे कोणी जखमी झालं, वेळ वाया गेला, तर पंच तेवढी मिनिटं शेवटी वाढवून देतात. म्हणून घड्याळात नव्वद मिनिटं झाली तरी सामना संपलेला नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दांडगाई केली तर पिवळं कार्ड. एकाच सामन्यात दोन पिवळी किंवा एक थेट लाल मिळालं की बाहेर, आणि तिच्या जागी दुसरी येत नाही. उरलेल्या दहा जणींनी निभवायचं. आपल्या गोलजवळच्या चौकोनात चूक केली तर समोरच्यांना पेनल्टी मिळते: एकटी मारणारी आणि एकटी गोलकीपर.

सगळ्यांना अडतो तो एकच शब्द, ऑफसाइड. त्याचा गाभा एवढाच की समोरच्या संघाच्या गोलजवळ आधीच जाऊन दबा धरून बसायचं नाही. आपली मैत्रीण चेंडू पुढं ढकलते त्या क्षणी आपल्या आणि गोलच्या मधे समोरच्या दोन जणी तरी हव्यात. त्यांतली एक बहुतेक वेळा गोलकीपरच असते. दोन-तीन सामने पाहिले की डोळ्यांना आपोआप कळतं. आपणही शिवाशिवी आणि लंगडीचे नियम कोणाच्या पुस्तकातून शिकलो नव्हतो.

बायांना कोणी थांबवलं होतं

आता थोडा इतिहास. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष लढाईवर गेले आणि बाया दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या अंगणात फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावच्या डिक, कर नावाच्या कारखान्यातल्या बायांचा संघ इतका नावाजला की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० माणसं आली. तिकिटाचे पैसे धर्मादाय कामाला जात. म्हणजे बाया दिवसभर कारखान्यात राबत होत्या, वर खेळून लोकांसाठी पैसा उभा करत होत्या.

वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला: हा खेळ बायांना शोभत नाही, आमच्या सदस्य क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. ठरावात आणखी एक मुद्दा होता. जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो, धर्मादायाला पुरेसा पोचत नाही, अशी तक्रार. मैत्रिणींनो, हे ऐकून आम्हाला ओळखीचं वाटलं. बायांनी एकत्र येऊन चार पैसे जमवले की पहिली शंका हिशोबावर घेतली जाते. आपल्या गटांनीही ते ऐकलं आहे. आपण वह्या उघडून दाखवल्या, लेखापरीक्षण करून घेतलं. त्या बायांच्या हातातून मात्र मैदानच काढून घेतलं.

ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. इंग्लंड एकटं नव्हतं. फुटबॉलचं माहेर म्हणतात त्या ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बायांच्या खेळण्यावर बंदी होती. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० होती. म्हणून पुरुषांचा विश्वचषक १९३० साली सुरू झाला आणि बायांचा पहिला अधिकृत विश्वचषक उजाडायला १९९१ साल लागलं. तो चीनमध्ये झाला आणि अमेरिकेच्या बायांनी जिंकला. मधल्या एकसष्ट वर्षांत बायांना खेळ येत नव्हता असं नाही. मैदान मिळत नव्हतं.

आशियात मात्र बायांनी वाट पाहिली नाही. पहिला आशिया चषक १९७५ साली हाँगकाँगला झाला, म्हणजे विश्वचषकाच्या सोळा वर्षं आधी. आपल्या देशातही त्याच साली बायांच्या फुटबॉलची वेगळी संघटना उभी राहिली. पुढची गोष्ट अभिमानाची आहे. १९७९ ची म्हणून ओळखली जाणारी स्पर्धा जानेवारी १९८० मध्ये केरळात कोळिकोडला झाली आणि भारताच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना गाठला. दोन्ही वेळा दुसरा क्रमांक. त्या काळातल्या शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. आज आपल्या किती मुलींनी त्यांचं नाव ऐकलं असेल?

त्यानंतर आपला संघ मागं पडत गेला. २००३ नंतर तर या स्पर्धेत दिसलाच नाही. २०२२ साली यजमान म्हणून तो परत आला. म्हणजे महाराष्ट्रातली ही स्पर्धा आपल्या मुलींसाठी एकोणीस वर्षांनी उघडलेलं दार होतं.

गटाचा हिशोब

आता स्पर्धा कशी वाचायची ते पाहू. बारा देश होते. त्यांचे चार-चारचे तीन गट पाडले. हो, तिथंही त्याला गटच म्हणतात. गटातली प्रत्येक टीम बाकी तिघींशी एकदा खेळते. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर दोघींना १-१, हरलं तर शून्य. प्रत्येक गटातले पहिले दोन देश पुढं जातात. तिसऱ्या क्रमांकावरच्या तिघांतले चांगले दोन जातात. झाले आठ.

गुण सारखे झाले तर? या स्पर्धेचा नियम असा होता की आधी त्या दोघींमधला सामना पाहायचा. तोही बरोबरीत असेल तर सगळ्या सामन्यांचा गोलफरक पाहायचा. गोलफरक म्हणजे केलेले गोल जमा, खाल्लेले गोल खर्च, खाली शिल्लक. काही स्पर्धांत गोलफरक आधी बघतात, म्हणून कुठलीही स्पर्धा सुरू झाली की हा नियम पहिल्यांदा विचारून घ्यावा.

उदाहरण तिसऱ्या गटाचं घेऊ. त्यात जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम आणि म्यानमार होते. वही-पेन्सिल असेल तर मांडा. जपाननं म्यानमारला ५-० नं आणि व्हिएतनामला ३-० नं हरवलं. कोरियानं व्हिएतनामला ३-० नं आणि म्यानमारला २-० नं. जपान-कोरिया सामना १-१ बरोबरीत. दोघींचे गुण सात-सात. जपानची शिल्लक अधिक ८, कोरियाची अधिक ५. म्हणून जपान पहिलं. फरक कागदावर लहान दिसतो, पण त्यामुळे जपानला पुढं थायलंड मिळालं आणि कोरियाच्या वाट्याला बलाढ्य ऑस्ट्रेलिया आलं.

त्याहून मोठी गोष्ट याच गटाच्या तळाशी घडली. व्हिएतनाम आणि म्यानमार, दोघीही जपान-कोरियाकडून हरलेल्या. आपसातला सामना २-२ बरोबरीत. गुण एक-एक. आता शिल्लक काढा. व्हिएतनामनं दोन गोल केले, आठ खाल्ले: उणे ६. म्यानमारनं दोन केले, नऊ खाल्ले: उणे ७. एका गोलानं व्हिएतनाम तिसरं आलं. तिसऱ्यांच्या यादीतून पुढच्या फेरीत गेलं, तिथं चीनकडून हरलं, पण हरलेल्यांसाठी विश्वचषकाची एक जागा राखलेली होती. तिच्यासाठी थायलंडला २-० नं आणि चिनी तैपेईला २-१ नं हरवून व्हिएतनाम इतिहासात पहिल्यांदा बायांच्या विश्वचषकाला पोचलं.

म्हणजे जपानकडून ३-० नं हरताना व्हिएतनामच्या ज्या मुलीनं चौथा गोल अडवला असेल, तिनं आपल्या देशाला विश्वचषकाचं दार उघडून दिलं. सामना हातातून गेला होता, तरी तिनं धाव सोडली नाही. म्हणून एखादी टीम मागं पडली की टीव्ही बंद करू नका. हरतानाही हिशोब चालू असतो.

आपल्या मुलींचं काय झालं

भारत पहिल्या गटात होता. सोबत चीन, चिनी तैपेई आणि इराण. पहिला सामना २० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी झाला.

इराणबद्दल दोन शब्द. त्या देशात १९७९ च्या क्रांतीनंतर बायांना पुरुषांचे सामने पाहायला मैदानात जाणं जवळपास बंद झालं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये विश्वचषकाच्या पात्रता सामन्याला त्यांना तिकीट काढून आत जाता आलं. त्याआधी २०११ साली इराणच्या महिला संघाला एका ऑलिम्पिक पात्रता सामन्यात उतरू दिलं नव्हतं, कारण त्या डोकं झाकून खेळत होत्या आणि जागतिक संघटनेला ते चालत नव्हतं. २०१४ ला हा नियम बदलला. घरी एक बंधन, बाहेर दुसरं. दोन्हीतून वाट काढत या मुली आशिया चषकात पहिल्यांदा आल्या, त्या आपल्या नवी मुंबईत. आपल्या तालुक्यात हिजाब घालून शाळेत जाणाऱ्या मुली आहेत, परकर-पोलक्यातून नुकत्याच ड्रेसवर आलेल्या मुली आहेत. काय घालून खेळायचं हा प्रश्न कोणालाच चुकलेला नाही.

तो सामना ०-० सुटला. आपल्या मुलींनी संधी पुष्कळ मिळवल्या, गोल झाला नाही. तरी एक गुण हातात होता. पुढं तैपेईशी चांगला खेळ झाला असता तर पुढची फेरी शक्य होती, आणि तिथून विश्वचषकाची वाट होती.

२३ जानेवारीला तैपेईशी सामना. पण संघात कोरोना शिरला. खेळाडूंना वेगळं ठेवलं होतं, तपासण्या चालू होत्या, तरी एकेक करत मुली बाधित निघाल्या. नियम होता की सामन्यासाठी किमान १३ खेळाडूंची नावं द्यायची. आपल्याकडे तेवढ्या उभ्या राहू शकल्या नाहीत. सामना झालाच नाही. आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे संघ उतरला नाही म्हणजे स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं. इराणशी खेळलेला सामनाही पुसला गेला. यजमान आपण, मैदान आपलं, आणि एकही सामना न हरता आपण बाहेर.

मैत्रिणींनो, आम्हाला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त हे लागलं. एकोणीस वर्षं वाट पाहायची, आणि कोणी हरवायच्या आधीच नाव कटायचं. आपल्याकडे किती मुलींचं असंच होतं. सातवी-आठवीपर्यंत पोरगी धावण्यात पहिली असते. मग पाळी येते, शाळा लांबची होते, मैदानावर मोठी मुलं असतात, घरी धाकटं भावंडं असतं. ती खेळात हरत नाही. तिचं नाव यादीतून निघून जातं, आणि आधी जिंकलेलं सगळं जणू झालंच नव्हतं असं होतं.

नव्वद मिनिटांनंतर

आठ संघ उरले की हिशोब संपतो आणि बाद फेरी सुरू होते. हरली ती घरी. बरोबरी झाली तर पंधरा-पंधरा मिनिटांचा जादा वेळ, तरीही बरोबरी असेल तर पाच-पाच पेनल्टी. कोरियानं ऑस्ट्रेलियाला १-० नं हरवलं, गोल ८७ व्या मिनिटाला. ज्या ऑस्ट्रेलियानं आधी इंडोनेशियावर १८ गोल चढवले होते, तीच आता बाहेर. फिलिपिन्सनं तैपेईला पेनल्टीवर हरवलं आणि पहिल्यांदा विश्वचषकाची जागा मिळवली.

उपांत्य सामने बालेवाडीला झाले. चीनविरुद्ध जपान दोनदा पुढं गेलं, चीननं दोनदा गाठलं. दुसरा गोल तर ११९ व्या मिनिटाला, जादा वेळही संपत आला तेव्हा. मग पेनल्टीवर चीन ४-३ नं जिंकलं.

६ फेब्रुवारीला नवी मुंबईत अंतिम सामना झाला. कोरिया पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेलं. मध्यंतराला कोरिया २-० नं पुढं. चीनच्या प्रशिक्षक शुई चिंगशिया स्वतः जुन्या खेळाडू. त्यांनी दुसऱ्या डावात खेळाडू बदलल्या. ६८ व्या मिनिटाला पेनल्टीवर पहिला गोल, ७२ व्या मिनिटाला दुसरा, आणि नव्वद मिनिटं उलटल्यावर, वाढवून दिलेल्या वेळेत तिसरा. चीन ३-२. सोळा वर्षांनी त्यांना चषक मिळाला. एकूण नववा.

आपण कसं बघायचं

भारताच्या मुलींची गोष्ट तिथं थांबली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला. भारत तिन्ही सामने हरला, पण मुली खेळून हरल्या. अंतिम सामना पुन्हा नवी मुंबईत होता, स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं. आणि ५ जुलै २०२५ रोजी भारताच्या मोठ्या संघानं थायलंडमध्ये जाऊन थायलंडला २-१ नं हरवलं आणि ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या आशिया चषकाची जागा मिळवली. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर यांचे. यजमान म्हणून आयती नव्हे, पात्रता फेरी जिंकून मिळवलेली ही पहिलीच जागा.

तर पुढची कुठलीही मोठी स्पर्धा आली की आमची सूचना अशी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर गट मांडा. देश, जिंकले, बरोबरी, हरले, गोल जमा, गोल खर्च, शिल्लक, गुण असे रकाने पाडा. हे काम गटाच्या सचिव डोळे झाकून करतील. प्रत्येकीनं एक देश वाटून घ्या. सगळे सामने पाहायला सवड कोणाला आहे? आपल्या देशाचे तीन सामने पाहिले तरी पुरे. बाकीचे निकाल मुलींना विचारून कागदावर भरा. बाद फेरी आली की एका घरी, एका फोनवर किंवा टीव्हीवर, मिळून बघा. पंधरा मिनिटांच्या विश्रांतीत भाकरी होतात, चहा तर होतोच.

आणि त्या कागदाजवळ मुलींना बसवा. त्यांना विचारा, शाळेत खेळाचा तास मुलींनाही मिळतो का? चेंडू कपाटात असतो की मैदानात? एका गावात आमच्या मैत्रिणींनी हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मुलीच खेळायला मागत नाहीत." मुलींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आम्हाला कोणी विचारलंच नाही." ग्रामसभेत हा प्रश्न मांडता येतो. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या पालक बाया आहेत, तिथं मांडता येतो. आठवड्यातला एक तास, संध्याकाळचं अर्धं मैदान, आणि सोबत उभी राहणारी एक मोठी बाई. एवढं मागायला ठराव पुरतो.

तेरा जणी उभ्या राहायला हव्यात, नाहीतर सामना होत नाही, हे आपण नवी मुंबईत पाहिलं. गावात तेरा मुली उभ्या राहिल्या तर काय होतं ते अजून पाहायचं आहे. या महिन्याच्या बैठकीत मोजून बघा आणि आकडा आम्हाला कळवा.